सगळेच ॲडमिन

महामायाताईच्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली, तरी तिला अजून स्थळं येतात. कधी वाशीमहून फोन येतो, कधी थेट भुसावळहून. समोरचा माणूस घसा खाकरून विचारतो, "कुमारी महामाया सुरडकर का? बीएस्सी कॉम्प्युटर? आमचा पुतण्या रेल्वेत आहे."

ताई शांतपणे सांगते, "दादा, मले दोन लेकरं आहेत. मोठी सहावीत गेली. तरी पाह्यजे असन तर नवऱ्याले विचारून सांगते."

पलीकडून फोन बंद होतो आणि तिचा नवरा प्रसेनजित जेवता जेवता हसतो.

याचं कारण एक जुनी पुस्तिका. आमच्या बौद्ध समाजाचं एक परिचय मंडळ आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या गावोगावचे पालक वर्षातून एकदा जमतात आणि लग्नाच्या वयाचे मुलगे-मुली मंचावर येऊन आपली ओळख सांगतात. त्या मेळाव्यात पूर्वी एक पुस्तिका वाटायचे. तिच्यात प्रत्येकाचा फोटो, शिक्षण, उंची, मामाचं गाव आणि मोबाइल नंबर. अशी पुस्तिका कोणी टाकून देत नाही. ती कपाटात राहते, एका घरातून दुसऱ्या घरात जाते, आणि लग्न झालेल्या बाईला तिच्यातून फोन येत राहतात. चार वर्षांपूर्वी मंडळाने पुस्तिका बंद करून वेबसाइट काढली तेव्हा ताईला वाटलं होतं, आता आपल्यासारखं कोणाचं व्हायचं नाही.

ताई मोताळा तालुक्यातल्या आमच्या धामणगाव बढ्याची सून. त्याआधीपासून छत्रपती संभाजीनगरच्या एका कंपनीत. त्या कंपनीच्या वेबसाइटवरचं कोणतं पान कोणाला उघडतं आणि कोणाला उघडायला नको, हे ठरावीक काळाने तपासायचं तिचं काम. बदली झालेल्या माणसाकडे जुनी किल्ली राहिली का? नव्या माणसाला गरजेपेक्षा जास्त दारं उघडी आहेत का? लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "तू तिथं नेमकं करतं काय?"

"दारं पाह्यते, आत्याबाई."

"मंजे वॉचमन?"

"हाव, तसंच समजा."

तेव्हापासून प्रसेनजितची बायको कंपनीत वॉचमन आहे ही बातमी गावात पक्की झाली. लॉकडाउनपासून ती घरूनच तेच काम करते. गल्लीतली पोरं तिच्या खिडकीवरून जाताना सलाम ठोकतात आणि तीही ठोकते.

मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव काकाजी. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा की माइक बंद पडला तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. वेबसाइटच्या पहिल्या बैठकीला मीही गेले होते, कारण माझाही बायोडाटा तिच्यावर चढणार होता. वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीचा माणूस पडद्यावर दाखवत होता: स्तर एकवाल्याला सगळं दिसणार, स्तर दोनवाल्याला थोडं कमी, स्तर तीनवाल्याला फक्त नाव आणि शिक्षण. कोणाला कोणत्या स्तरात टाकायचं ते सांगा, असं तो म्हणाला.

काकाजी उभे राहिले. "स्तर? आमच्यात स्तर? अरे बाबू, वरचा-खालचा हेच तं मोडून आलो न आम्ही! साऱ्याईले स्तर एकमंदी टाक."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वाजवल्या, ताईनेही वाजवल्या. कंपनीचा माणूस गोंधळला, पण पैसे मंडळ देणार होतं. त्याने सगळ्यांना ॲडमिन केलं. तालुका प्रतिनिधी ॲडमिन, त्यांचे सहायक ॲडमिन, माजी पदाधिकारी ॲडमिन, मंडप देणारे ॲडमिन. नंतर एखाद्याचा सत्कार राहून गेला की त्यालाही ॲडमिन करून टाकायचे. शाल-पुष्पगुच्छाचा खर्च वाचायचा.

गेल्या वर्षी मंडळाने ताईला वेबसाइटवर "जरा लक्ष ठेव" म्हणून सांगितलं. ते लक्ष सुरू होतं न होतं तोच उत्तमराव दारात येऊन उभे राहिले.

उत्तमराव नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीचे. त्यांची मुलगी अनुपमा डी.फार्म. झालेली. नांदुऱ्याला जहांगीरभाईंच्या मेडिकलवर नोकरीला होती, रोज बसने जायची. महिनाभरापासून तिला अनोळखी फोन येत होते. आधी नुसते 'फोटोत छान दिसता'. मग एक दिवस मेसेज आला: 'आज निळा ड्रेस चांगला होता, बसस्टँडवर हसत काऊन नव्हती?' तो मेसेज वडिलांनी वाचला.

"वेबसाइटवरून माह्या पोरीचं नाव काढा," उत्तमराव उंबऱ्यावरूनच म्हणाले. पाणीही घेतलं नाही. "तिचा नंबर तिथूनच गेला. तिनं दुसरीकडं कोनालेच देल्ला नाई. आन उद्यापासून तिची नोकरी बंद."

"नोकरीनं काय केलं, भाऊ?"

"बसस्टँडवर मानूस उभा राहून राह्यला न! म्या काय रोज संगं जाऊ तिच्या?"

ते गेल्यावर ताईने अनुपमाला फोन केला. पोरगी रडत नव्हती, चिडलेली होती. म्हणाली, "ताई, माहं नाव राहू द्या नाईतर काढून टाका, मले काई फरक पडत नाई. माही नोकरी तेवढी वाचवा. जहांगीरभाई म्हनून राह्यले, पौर्णिमेपर्यंत वाट पाह्यतो, मंग दुसरं कोनी ठेवा लागन. बाबा एकच गोष्ट म्हनतात. ही गळती बंद झाल्याचं त्याईच्या डोळ्यानं दिसलं पाह्यजे."

पौर्णिमेला मंडळाची मासिक बैठक असते. म्हणजे मुदत तीच.

ताईने आधी खरं ते सांगून टाकलं. गेलेला नंबर परत आणता येत नाही, पुढचा थांबवता येतो. तिने अनुपमाला नवं सिम घ्यायला लावलं. बसस्टँडवाल्या नंबराची तक्रार द्यायला ती स्वतः उत्तमरावांसोबत पोलीस ठाण्यात गेली आणि तक्रार लिहून होईपर्यंत बाकावरून उठली नाही. मग घरी येऊन तिने वेबसाइटची दारं मोजायला घेतली.

तिने मलाही ते दाखवलं. मी इंजिनिअरिंग केलंय, असं काही पुस्तकात वाचलं होतं, पण एवढं रंगीत कधी पाहिलं नव्हतं. मागच्या मेळाव्याचा फोटोग्राफर ॲडमिन होता. वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीतून केव्हाच नोकरी सोडून गेलेला मुलगा ॲडमिन होता. मंडळाचे एक जुने सदस्य वारले, त्यांची शोकसभाही झाली, पण ते दर रविवारी दुपारी वेबसाइट उघडत होते.

"बाप्पा!" मी म्हणाले.

"त्याईचा नातू असन," ताई म्हणाली. "लग्नाचा झाला असन पोट्टा."

कोणाच्या नावाने कोण आत येतंय हे संगणकावरून कळेना, कारण एकेक नाव दहा जण वापरत होते. म्हणून ताईने फोन उचलला. एकेका ॲडमिनला ती एकच प्रश्न विचारायची: "तुम्ही वेबसाइटवर काय उघडता?" आरोप नाही, चौकशीचा सूर नाही. उत्तरं ऐकून माझं हसू आणि धडधड एकदमच चालू होती. एकजण म्हणाले, मी कधीच उघडली नाही, पण पासवर्ड पाकिटात आहे, मानाचा आहे. एकांनी तो झेरॉक्सच्या दुकानात देऊन ठेवला होता, कोणाला प्रिंट लागली तर असावा म्हणून.

मग तिने सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला फोन लावला. तिथले प्रतिनिधी संघपाल खरात. शाळेत शिक्षक, स्वभावाने निर्मळ, मंडळात सगळ्यांत उत्साही. स्पीकर चालू होता.

"पासवर्ड ना? हाय की! विहारातल्या फळ्यावरच लिहून ठेवलाय, ताई. मोठ्या अक्षरात. रविवारच्या वंदनेला सगळे येतेत. गरीब घरातलं कोणी वंचित राहू नये. लोक फोटो काढून नेतेत, लै फायदा व्हायलाय."

ताईने डोळे मिटले. "संघपालदादा, तो फळा आत्ता पुसाल का?"

"काऊन... म्हंजे का? काय झालं?"

ती ओरडली नाही. अनुपमाचा सगळा प्रकार तिने त्यांना सांगितला. ते म्हणाले, "पुसतो. पण ताई, बैठकीत मी माझं म्हणणं मांडणार. कुलूप लावणं हा आपला मार्ग नव्हं."

त्यांचा पासवर्ड ताईने त्याच क्षणी बदलला. पण बाकीच्या सगळ्यांचे अधिकार काढायचे तर मंडळाचा ठराव लागत होता. दरम्यान पोलिसांनी बसस्टँडवाल्याला बोलावून दम दिला, पण आणखी मुलींच्या घरून फोन यायला लागले होते, नाव काढा म्हणून. माझी आईही म्हणाली, तुझं काढून टाकू. आणि काकाजी सगळीकडे सांगत सुटले, "त्यापरीस पुस्तिकाच बरी व्हती." हे ऐकलं की ताईच्या कपाळावर आठी चढायची.

पौर्णिमेला विहाराचं सभागृह गच्च भरलं. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. वंदना झाली आणि बैठक सुरू झाली. मागच्या रांगेत उत्तमराव हाताची घडी घालून बसले होते, शेजारी अनुपमा. काकाजींच्या पत्नी चांगुणाकाकू बायकांत पुढे.

काकाजींनी सुरुवातच तापून केली. "महामाया म्हनते, साऱ्याईच्या किल्ल्या काढा. माही बी! अध्यक्षाले कुलूप! चाळीस वर्सं म्या समाजाचं काम केलं, आता मी का चोर हाओ?"

"चोर कोण म्हणून राह्यलं, काकाजी?" ताई म्हणाली.

संघपाल उभे राहिले. "झालं त्याची मला लाज वाटायली. पण एक बोलतो. पाणी सगळ्यांसाठी खुलं व्हायला आपल्या पिढ्या गेल्या. दारं बंद असण्याचं दुःख आपल्याइतकं कोणाला माहीत हाय? आन आज आपणच दाराला कुलूप लावायचं?"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त जड होतं. मला वाटलं, संपलं.

ताई जागेवरून उठून पुढे आली. "दादा, पाणी साऱ्याईचं असते. अनुपमाचा नंबर अनुपमाचा आहे."

मागे एका बाईने "हाव न वं" म्हटलं.

"काकाजी, तुमच्या समताच्या लग्नात कोठीच्या खोलीवर कोण बसलं होतं?"

काकाजी गडबडले. समता त्यांची मुलगी. "कोन मंजे... हे." त्यांनी चांगुणाकाकूंकडे बोट केलं.

आमच्याकडे लग्नात साखर, तेल, तूप, सुपाऱ्या असं सगळं सामान एका खोलीत ठेवतात आणि तिच्या दारात एक भरवशाचं माणूस बसवतात. त्याच्याशिवाय आत कोणी जायचं नाही. चांगुणाकाकू पंचक्रोशीतल्या अर्ध्या लग्नांत त्या दारात बसलेल्या असतात.

"अन् तुम्हाले आत जाऊ देल्लं होतं?" ताईने विचारलं.

काकूंनीच उत्तर दिलं. "कायचं जाऊ देतो! साखर पाह्यजे म्हनून आलते. म्या म्हटलं, आचाऱ्याची चिठ्ठी आना. म्हने, मी नवरीचा बाप हाओ! म्या म्हटलं, मंग नवरीपाशी जा, साखरेपाशी काय काम?"

सभागृह हसून लोळलं. काकाजीही मिशीत हसू दाबायला लागले.

"म्हणजे काकू तुमच्यापेक्षा मोठ्या झाल्या का, काकाजी? तुमचा मान गेला का त्या दिवशी?" ताईचा आवाज आता सगळ्यांपर्यंत जात होता. "मान वेगळा अन् काम वेगळं. तुमचा मान कोणी काढून राह्यलं नाही. ज्याचं कोठीत काम नाही, तो कितीबी मोठा असो, आत जात नाही. एवढंच. आपली चूक एकच झाली. आपण किल्ली मानपान म्हणून वाटली."

तिने पडद्यावर नवी मांडणी दाखवली. तिच्यातून 'स्तर' हा शब्दच तिने काढून टाकला होता. त्या जागी कामांची नावं होती: नोंदणी करणारे, कागदपत्र तपासणारे, पालक, उमेदवार. एकाखाली एक नव्हती, शेजारी शेजारी होती. नोंदणी करणाऱ्याला नाव-गाव दिसेल, नंबर दिसणार नाही. तपासणाऱ्याला कागदपत्रं दिसतील, ती तपासून झाली की बंद होतील. वेबसाइट चालू ठेवणाऱ्यालाही पान दुरुस्त करता येईल, मुलींचा नंबर वाचता येणार नाही.

"मंग नंबर पाह्यचा अधिकार कोनाले?" मागून उत्तमरावांनी विचारलं. त्यांची घडी सुटली होती.

"कोणालेच नाही, भाऊ. पोरीलेच. समोरच्या घरानं विचारणा केली की तिच्या फोनवर येते. तिनं उघडलं तर त्याच घराले दिसते. नाही उघडलं तर नाही."

"आन मी? बाप?"

"तुम्ही तिले घरात विचारा न. एका छताखाली राहता."

पुन्हा हशा पिकला, पण उत्तमराव हसले नाहीत. ते पडद्याजवळ आले. "दाखवा मले. माह्या पोरीचं पान उघडून दाखवा."

सभेने हात वर करून होकार दिला आणि ताईने नवी मांडणी तिथंच चालू केली. आधी तिने स्वतःच्या नावासमोरची 'ॲडमिन' ही खूण सगळ्यांदेखत काढली, कारण तोवर तिलाही सगळं दिसत होतं. मग तिने अनुपमाचं पान उघडलं. नंबराच्या जागी एक ओळ आली: 'ही माहिती उमेदवाराने उघडलेली नाही.' तिने काकाजींच्या नावाने उघडलं, तीच ओळ. संघपालांच्या नावाने, तीच. फोटोग्राफरच्या नावाने तर दारच उघडलं नाही. फळ्यावरचा जुना पासवर्ड संघपालांनी स्वतः टाकून पाहिला आणि नकार आल्यावर त्यांनीच पहिली टाळी वाजवली.

काकाजी उठले. "लिहा ठरावात. अध्यक्षाची किल्ली अध्यक्षानं सोताहून देल्ली. कोनी काढली असं लिहाचं नाई."

"सोताहूनच लिहू," चांगुणाकाकू म्हणाल्या. "साखरेसारखं नको व्हाले."

उत्तमरावांनी तिथंच, सगळ्यांसमोर, जहांगीरभाईंना फोन लावला. "जहांगीरभाई, दुसरं कोनी पाहू नका. पोरगी उद्या येते." अनुपमाने ताईला अशी मिठी मारली की ताईचा चष्मा वाकडा झाला.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली आणि मला ती सगळ्यांत जास्त आवडते. ताईच्या कंपनीत हे काम बंद खोलीत चालतं, एकजण तपासतो आणि अहवाल पाठवतो. आमच्याकडे ते पौर्णिमेला होतं, मोठ्याने. वंदनेनंतर ताई एकेकाचं नाव आणि त्याच्याकडची किल्ली वाचून विचारते, "लागते का?" माणूस उभा राहून सांगतो, "लागते," आणि कशाला लागते तेही सांगतो. किंवा सांगतो, "नाही लागत," मग टाळ्या पडतात. पहिल्या वेळी लोक ओशाळत होते. दुसऱ्या वेळेपासून किल्ली परत देण्याचीच चढाओढ लागली. एक आजोबा तर उठून म्हणाले, "मले नाई लागत." ताई म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडं नाहीच." आजोबा म्हणाले, "टाळ्या तं वाजवा!"

काढलेली नावं हळूहळू परत आली. माझ्या आईने माझं नाव काढलंच नाही. मेळावा मलकापूरला भरला तेव्हा मंडप वाढवावा लागला. ताईशी आता इतर समाजांची परिचय मंडळंही बोलतात, तुमच्यासारखं आमचं करून द्या म्हणून. ती प्रत्येकाला आधी विचारते, "तुमच्याकडं लग्नात कोठीवर कोण बसते?" आणि तिथून सुरू करते.

मेळाव्याच्या दिवशी मी नोंदणीच्या टेबलावर होते. दुपारी उत्तमराव आले, सोबत अकोल्याचे एक सद्गृहस्थ. त्यांच्या भाच्यासाठी त्यांना अनुपमाचं स्थळ पसंत होतं. मुलगा सिव्हिल इंजिनिअर, घर चांगलं. उत्तमरावांचा चेहरा फुलला होता.

"बाई, याईले माह्या पोरीचा पुरा बायोडाटा दाखवा," ते मला म्हणाले.

"काका, माझ्याकडं दिसत नाही. पाहुण्यांना विचारणा पाठवू द्या, तिला जाईल."

"मी बाप हाओ न तिचा!" असं ते बोलून गेले आणि स्वतःच थबकले. मग पाहुण्यांनी आपल्या फोनवरून विचारणा पाठवली आणि उत्तमरावांनी मुलीला स्पीकरवर फोन लावला. मेडिकलवर गर्दी असावी, मागून "बीपीची गोळी आहे का?" असा कोणाचा तरी आवाज आला. अनुपमा म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक आहेत. विचारना आली मले. संध्याकाळी पाह्यते अन् मंग सांगते."

उत्तमरावांनी फोन खिशात ठेवला. अकोल्याचे सद्गृहस्थ त्यांच्याकडे बघत होते. उत्तमरावांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "संध्याकाळपर्यंत थांबा लागन, साहेब. पोरगी ड्यूटीवर आहे. पाह्यन ती आन सोताच कळवन."